बचत नेमकी कशाच्या तुलनेत? न्यूयॉर्क राज्यातल्या मराठी पालकांना आणि करदात्यांना खुले पत्र

प्रति,
न्यूयॉर्क राज्यातील स्कूल बोर्डांवर, बजेट सल्लागार समित्यांवर आणि पालक संघटनांमध्ये काम करणारे सर्व मराठी बंधुभगिनी यांस

विषय : बोसेसमुळे स्कूल डिस्ट्रिक्टचे किती पैसे वाचतात, हे दाखवण्याची पद्धत

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

दर वर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी आपण सारे आपापल्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे आपल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, बजेटवर मत देतो. त्या बजेटच्या पुस्तिकेत पानोपानी विखुरलेला एक खर्च असतो. त्याचे नाव आपल्या मालमत्ता कराच्या बिलावर कुठेही छापलेले नसते, आणि तरीही अनेक डिस्ट्रिक्टांत त्याची बेरीज काही दशलक्ष डॉलरपर्यंत जाते. हा खर्च म्हणजे बोसेसला, अनेक डिस्ट्रिक्टांना मिळून सेवा पुरवणाऱ्या सहकारी मंडळाला, दिले जाणारे पैसे. सभेत त्याविषयी कुणी विचारलेच, तर "त्यामुळे आपली बचतच होते" एवढे एक वाक्य ऐकायला मिळते आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. ती बचत खरी आहे का, किती आहे आणि कोणत्या हिशेबाने काढली आहे, हे विचारण्याची सवय आपल्याला लागावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते. मी बोसेसच्या विरोधात नाही. अनेक वर्षे खर्चाच्या हिशेबाचेच काम केल्यामुळे आणि काही वर्षे एका डिस्ट्रिक्टच्या बजेट सल्लागार समितीवर बसल्यामुळे माझे मत उलट असे झाले आहे, की लहान डिस्ट्रिक्टांना ज्या सेवा एकेकट्याने कधीच परवडल्या नसत्या, त्या या व्यवस्थेमुळे मिळतात. म्हणूनच बचतीचा कच्चा हिशेब मांडला जातो तेव्हा मला वाईट वाटते. कच्च्या हिशेबाने खरी बचतही संशयाच्या छायेत येते.

न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्समधून शहराबाहेरच्या हिक्सव्हिलला किंवा वेस्टचेस्टरला नुकतेच राहायला आलेल्यांना बोसेस हा शब्द नवा असण्याची शक्यता आहे, कारण न्यूयॉर्क शहर, बफेलो, रॉचेस्टर, सिरॅक्यूज आणि याँकर्स ही पाच मोठी शहरे कायद्यानेच या व्यवस्थेच्या बाहेर आहेत. बाकीच्या जवळपास सर्व डिस्ट्रिक्टांसाठी राज्यात आज ३७ बोसेस आहेत. 'बोर्ड ऑफ को-ऑपरेटिव्ह एज्युकेशनल सर्व्हिसेस' हे त्यांचे पूर्ण नाव, आणि १९४८ च्या कायद्याने ती अस्तित्वात आली. या मंडळांना कर लावण्याचा अधिकार नाही. सदस्य डिस्ट्रिक्टांनी मागितलेल्या सेवा ती पुरवतात आणि त्यांचे बिल डिस्ट्रिक्टांना पाठवतात. वेल्डिंगपासून नर्सिंग साहाय्यकापर्यंतचे व्यवसायशिक्षण, विशेष गरजा असलेल्या मुलांचे वर्ग, संगणक आणि माहितीव्यवस्था, बदली शिक्षक मिळवून देणे, एकत्रित निविदा, वेतनवाटाघाटींसाठी सल्ला असा त्यांचा पसारा आहे. प्रत्येक सेवेचा एक करार असतो, त्याला सगळे 'कोसर' म्हणतात, आणि त्याला राज्याच्या शिक्षण विभागाची मान्यता लागते. सहकार हा शब्द आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. अनेकांनी मिळून एक गोष्ट घ्यायची, म्हणजे ती प्रत्येकाला स्वस्त पडते, हीच यामागची कल्पना. मात्र एकदा सदस्य झालेल्या डिस्ट्रिक्टला बोसेसमधून बाहेर पडता येत नाही, हा फरक लक्षात ठेवावा. सेवा घ्यायची की नाही हे आपल्या हातात असते, प्रशासकीय वर्गणी भरायची की नाही हे नसते.

आता मुद्द्यावर येते. काही वर्षांपूर्वी शाळेच्या ग्रंथालयात भरलेल्या एका सभेत पडद्यावर एक पान दाखवले गेले. बोसेसला दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे डिस्ट्रिक्टचे कित्येक डॉलर वाचतात, असे त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते. मी हात वर करून विचारले, "कशाच्या तुलनेत?" समोरच्या अधिकाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितले की कागद, फर्निचर, संगणक यांच्या बाबतीत तुलना कंपनीच्या कॅटलॉगमधल्या छापील किमतीशी केली आहे. सभेनंतर मी बिझनेस ऑफिसमध्ये जाऊन मागील वर्षांची बिले पाहण्याची परवानगी मागितली. तिथल्या कारकून बाईंनी जाड फाईल माझ्यापुढे ठेवली. बोसेसच्या एकत्रित निविदेत सामील होण्याआधीच्या वर्षी डिस्ट्रिक्टने छपाईचा कागद स्वतः दर मागवून घेतला होता, आणि त्या बिलाच्या कडेला कुणीतरी पेन्सिलीने तीन विक्रेत्यांचे दर लिहून सर्वांत कमी दराभोवती गोल केला होता.

त्या पेन्सिलीच्या गोलाने मला जे शिकवले, ते गोल आकड्यांत सांगते. समजा, कागदाच्या एका खोक्याची छापील किंमत ६४ डॉलर आहे, बोसेसच्या निविदेत ते ३७ डॉलरला मिळते, आणि डिस्ट्रिक्टने स्वतः घासाघीस करून घेतले असते तर ते साडेएकोणचाळीस डॉलरला मिळाले असते. वर्षाला एक हजार खोकी लागतात असे धरले, तर पडद्यावर २७,००० डॉलरची बचत दिसेल. प्रत्यक्षात वाचलेले पैसे २,५०० डॉलर आहेत, आणि निविदेच्या सेवेसाठी बोसेसला दिलेल्या शुल्काचा कागदावर येणारा वाटा त्यातूनही वजा करायला हवा. छापील किमतीला कागद विकत घेणारा डिस्ट्रिक्ट मी अजून पाहिलेला नाही. जी किंमत आपण कधी मोजलीच नसती, तिच्याशी केलेल्या तुलनेला बचत म्हणता येत नाही. अडीच हजार डॉलर ही लहान रक्कम आहे असे माझे म्हणणे नाही. निविदा काढण्यात, जाहिरात देण्यात, दर पडताळण्यात बिझनेस ऑफिसचे जे दिवस जातात, तेही त्यात धरावेत. पण मग ते दिवस मोजून धरावेत.

याउलट, खरी आणि मोठी बचत कुठे होते, याचेही उदाहरण देते, कारण तिथे बोसेसने आपला हिशेब अधिक ठामपणे मांडायला हवा असे मला वाटते. समजा, एका लहान डिस्ट्रिक्टमध्ये दोन दृष्टिहीन मुले आहेत आणि त्यांना ब्रेल शिकवणाऱ्या प्रशिक्षित शिक्षिकेची आठवड्यातून दोन दिवस गरज आहे. ही सेवा देणे डिस्ट्रिक्टवर कायद्याने बंधनकारक आहे, ती टाळता येत नाही. आठवड्यातून दोनच दिवस काम करायला तयार असलेली प्रशिक्षित शिक्षिका जाहिरात देऊन मिळत नाही, आणि पूर्णवेळ नेमली तर पगार व भत्ते मिळून वर्षाला, समजा, १,२०,००० डॉलर मोजावे लागतात, आणि आठवड्यातले तीन दिवस तिला पुरेसे काम नसते. बोसेस अशी शिक्षिका पूर्णवेळ नेमते, तिचे दिवस तीन-चार डिस्ट्रिक्टांत वाटते, आणि आपल्या डिस्ट्रिक्टला दोन दिवसांचे ५६,००० डॉलर बिल करते. देखरेख आणि प्रवास धरल्यामुळे ही रक्कम निव्वळ दोन-पंचमांशापेक्षा थोडी अधिक असते, ते स्वाभाविक आहे. पूर्णवेळ नेमणुकीशी तुलना केली तर बचत ६४,००० डॉलरची.

मात्र इथेही "कशाच्या तुलनेत" हा प्रश्न सुटत नाही. त्या भागात तासाच्या दराने अशी सेवा देणारी खासगी संस्था असेल, तर दिवसाला सहा तास, आठवड्याला दोन दिवस आणि ३६ आठवडे धरून ४३२ तास होतात. तासाला १५० डॉलर दर असेल तर खर्च ६४,८०० डॉलर, म्हणजे बचत ८,८०० डॉलर. दोन्ही उत्तरे प्रामाणिक आहेत. कोणते बरोबर, हे ठरते त्या डिस्ट्रिक्टपुढे त्या वर्षी खरोखर कोणता पर्याय होता यावर, आणि ते फक्त तो डिस्ट्रिक्टच सांगू शकतो. म्हणून बचतीचा आकडा बोसेसने एकट्याने काढू नये. पर्याय कोणता होता हे डिस्ट्रिक्टने लिहून द्यावे, त्यावर बिझनेस ऑफिसरची सही असावी, आणि मगच बोसेसने वजाबाकी करावी. एवढी एक शिस्त पाळली तरी निम्मा घोळ संपेल.

उरलेला निम्मा घोळ राज्याच्या अनुदानाचा आहे, आणि तो अधिक गंभीर आहे.

बोसेसकडून घेतलेल्या बहुतेक सेवांच्या खर्चाचा काही भाग राज्य सरकार डिस्ट्रिक्टला परत करते. याला बोसेस एड म्हणतात. हे प्रमाण डिस्ट्रिक्टच्या सधनतेनुसार बदलते, गरीब डिस्ट्रिक्टला अधिक मिळते, श्रीमंत डिस्ट्रिक्टला कमी. विशेष शिक्षणाच्या सेवा यात येत नाहीत, त्यांच्यासाठी अनुदानाचे वेगळे सूत्र आहे, आणि म्हणूनच वरच्या ब्रेलच्या उदाहरणात मी अनुदान धरले नाही. राज्यभर या अनुदानाची एकूण रक्कम अलीकडच्या वर्षांत एक अब्ज डॉलरहून अधिक झाली आहे.

आता असे समजा, की एक तांत्रिक सेवा डिस्ट्रिक्टने स्वतःचा माणूस ठेवून केली तर ९०,००० डॉलर खर्च येतो आणि बोसेसकडून घेतली तर १,००,००० डॉलर. डिस्ट्रिक्टचे अनुदानाचे प्रमाण साठ टक्के आहे. बोसेसकडून सेवा घेतली की राज्य ६०,००० डॉलर परत करते आणि डिस्ट्रिक्टवर निव्वळ भार ४०,००० डॉलरचा राहतो. स्वतःचा माणूस ठेवला असता तर त्या खर्चावर असे अनुदान मिळाले नसते, कारण फाउंडेशन एड, म्हणजे राज्याचे मुख्य सर्वसाधारण अनुदान, अशा खर्चावर अवलंबून नसते. त्यामुळे डिस्ट्रिक्टच्या दृष्टीने ५०,००० डॉलर वाचले आणि बिझनेस ऑफिसरने बोसेसची निवड केली ती योग्यच केली. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते. पण हेच काम आधी ९०,००० डॉलरमध्ये होत होते, ते आता १,००,००० डॉलरमध्ये होते आहे. सार्वजनिक पैसा दहा हजारांनी अधिक खर्च झाला. तो भरणारे आपणच आहोत, फक्त मालमत्ता कराऐवजी आयकरातून आणि विक्रीकरातून. याला खर्च एका खिशातून दुसऱ्या खिशात जाणे म्हणतात. याला बचत म्हणून सादर करणे, माझ्या मते, चुकीचे आहे, आणि बोसेसच्या अनेक सादरीकरणांत नेमके तेच घडते.

हे सूत्र राज्याने विचार करून केले आहे, हेही इथे सांगायला हवे. डिस्ट्रिक्टांनी एकत्र यावे यासाठी दिलेले ते प्रोत्साहन आहे. गरीब डिस्ट्रिक्टमधल्या मुलाला श्रीमंत डिस्ट्रिक्टमधल्या मुलाइतकेच व्यवसायशिक्षण मिळावे, हा त्यामागचा हेतू आहे, आणि तो मला मनापासून पटतो. म्हणून मागणी एवढीच आहे की दोन आकडे दोन वेगळ्या ओळींत दाखवावेत. पहिल्या ओळीत अनुदानापूर्वीची बचत किंवा वाढीव खर्च, दुसऱ्या ओळीत अनुदान. वाचणाऱ्याला दोन्ही दिसले की तो स्वतः ठरवेल.

अनुदानाविषयी आणखी दोन बारकावे आहेत, ज्यांच्यामुळे पडद्यावरचा आकडा आणि खात्यात जमा झालेला आकडा जुळत नाही. पहिला असा, की हे अनुदान पुढच्या वर्षी मिळते. पहिल्या वर्षी डिस्ट्रिक्टला पूर्ण बिल भरावे लागते, आणि करवाढीची मर्यादा सांभाळत बजेट बसवणाऱ्या डिस्ट्रिक्टला ते एक वर्ष जड जाते. ही मर्यादा २०११ च्या कायद्याने आली. दोन टक्के किंवा महागाईचा दर, यांतला कमी आकडा सूत्रात धरतात, आणि ती मर्यादा ओलांडायची तर साठ टक्के मते लागतात. दुसरा बारकावा पगारांचा. अनुदान मोजताना बोसेसच्या कर्मचाऱ्याचा पूर्ण पगार धरला जात नाही. माणशी धरायच्या पगाराची कमाल मर्यादा अनेक दशके ३०,००० डॉलरवर थांबलेली होती. ज्या सेवेत यंत्रे आणि परवाने जास्त, तिथे याने फारसा फरक पडत नाही. ज्या सेवेत माणसे जास्त, तिथे 'साठ टक्के अनुदान' हे पूर्ण बिलावर लावलेले गणित साफ चुकते. बजेटच्या रात्री संपूर्ण बिलाला साठ टक्क्यांनी गुणलेले पान कुणी दाखवले, तर नम्रपणे विचारा की अनुदानपात्र रक्कम किती धरली आहे.

खर्चाच्या बाजूलाही काही गोष्टी गळतात. प्रशासकीय वर्गणी प्रत्येक सदस्य डिस्ट्रिक्ट भरतो, सेवा कितीही कमी घेतली तरी. इमारतींच्या भाड्याचा आणि भांडवली खर्चाचा वाटाही असतो. हे दोन्ही सेवांच्या किमतीत मिसळलेले नसतात, त्यामुळे सेवानिहाय बचतीच्या तक्त्यात ते दिसत नाहीत, आणि सर्व सेवांच्या बचतीची बेरीज करून शेवटी ही वर्गणी वजा केलेला तक्ता मला एकदाही पाहायला मिळाला नाही. व्यवसायशिक्षणासाठी मुले अर्धा दिवस बोसेसच्या केंद्रात जातात, त्या बसचा खर्च वाहतुकीच्या खात्यावर पडतो. दुसऱ्या बाजूने, वर्षअखेर बोसेसकडे जे पैसे शिल्लक राहतात ते डिस्ट्रिक्टांना परत करावे लागतात. हा परतावा मागील वर्षाच्या खर्चापोटी येतो, आणि तो वजा न केल्यास बोसेसवरच अन्याय होतो. हिशेब दोन्ही अंगांनी पुरा व्हायला हवा.

मग हातात पडलेली बचत आणि टाळलेला खर्च यांतला फरक येतो. आमच्या समितीत यावर सर्वांत जास्त वाद झाला, आणि तो वाद आवश्यक होता असे मला आजही वाटते. समजा, बोसेसने पगारपत्रकाची संगणकव्यवस्था सांभाळायला घेतली आणि त्यामुळे बिझनेस ऑफिसमधल्या एका कर्मचाऱ्याचा अर्धा वेळ मोकळा झाला. तक्त्यात अर्ध्या पगाराइतकी बचत लिहिली जाते. पण तो कर्मचारी तिथेच आहे, त्याचा पगार पूर्ण चालू आहे, आणि मोकळा झालेला वेळ दुसऱ्या कामात गेला आहे. ते दुसरे काम मोलाचे असेल, अनेकदा असतेच, पण करदात्याचा एक डॉलरही कमी झालेला नाही. तो कर्मचारी निवृत्त झाल्यावर जागा भरली नाही, तर त्या वर्षापासून ती बचत हातात पडली. म्हणून बचतीच्या प्रत्येक आकड्यापुढे असे लिहावे की बजेटच्या कोणत्या ओळीतून, कोणत्या वर्षी, किती रक्कम कमी झाली. अशी ओळ दाखवता येत नसेल, तर त्या आकड्याला 'टाळलेला खर्च' म्हणावे. तोही लाभच आहे. मात्र एकदा टाळलेला खर्च दर वर्षी नव्याने मोजून दहा वर्षांची बेरीज दाखवण्याची रीत मी पाहिली आहे, आणि ती थांबली पाहिजे.

दर्जाविषयी थोडक्यात लिहिते, कारण तो पैशांइतका सहज मोजता येत नाही. स्वस्त मिळालेली वस्तू वेळेवर आणि उपयोगी पडेल अशी मिळाली नाही, तर बचतीला अर्थ राहत नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात 'एक राज्य एक गणवेश' योजनेत गणवेशाचे कापड राज्य पातळीवर एकत्र घेण्याचे ठरले, २०२४-२५ मध्ये अनेक शाळांत गणवेश उशिरा पोचल्याच्या तक्रारी झाल्या, आणि त्याच शैक्षणिक वर्षात सरकारने हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय घेतला. मोठ्या प्रमाणावर खरेदी केली की दर उतरतो, हे खरे आहे, पण बचतीच्या तक्त्यात वेळेचा आणि तक्रारींचा एक रकाना असायलाच हवा, हे त्यातून दिसते.

हा सगळा खटाटोप कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. बोसेस चालू आहे, मुलांना सेवा मिळत आहेत, मग आकड्यांचा कीस का काढायचा? याचे उत्तर आयोवा राज्यात सापडते. तिथे १९७४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या एरिया एज्युकेशन एजन्सी या प्रादेशिक संस्था जवळपास पन्नास वर्षे विशेष शिक्षण, ग्रंथालय आणि शिक्षकप्रशिक्षणाच्या सेवा पुरवत होत्या, आणि त्यांचा पैसा थेट त्यांच्याकडे जात असे. २०२४ च्या जानेवारीत गव्हर्नर किम रेनॉल्ड्स यांनी या व्यवस्थेत मोठे बदल सुचवले, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये झालेल्या कायद्याने त्या पैशाचा काही भाग डिस्ट्रिक्टांच्या हाती देण्याचे ठरले. पालक आणि शिक्षक मोठ्या संख्येने या संस्थांच्या बाजूने बोलले. त्या निर्णयाची राजकीय कारणे अनेक होती आणि त्यांत मी शिरत नाही. पण ज्या संस्थेला आपल्या प्रत्येक सेवेची किंमत आणि तिच्या पर्यायाची किंमत शेजारी शेजारी ठेवून दाखवता येते, तिला अशा प्रसंगी केवळ सद्भावनेवर अवलंबून राहावे लागत नाही.

आपल्या राज्यातही धोक्याची सूचना मिळून गेली आहे. २०१९ साली गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांच्या अर्थसंकल्पात बोसेस एड आणि वाहतूक अनुदानासह खर्चावर आधारलेली अनेक अनुदाने एकत्र करून त्यांच्या जागी एकच ठोक अनुदान देण्याचा प्रस्ताव होता. विधिमंडळाने तो स्वीकारला नाही. तो स्वीकारला असता तर बोसेसकडून एक सेवा अधिक घेतल्यावर मिळणारे जादा अनुदान थांबले असते, आणि ज्या सेवांची बचत केवळ अनुदानावर उभी आहे ती एका रात्रीत नाहीशी झाली असती. ब्रेलच्या शिक्षिकेची बचत मात्र तशीच राहिली असती. आपल्या डिस्ट्रिक्टने घेतलेल्या सेवांपैकी कोणत्या पहिल्या प्रकारच्या आहेत आणि कोणत्या दुसऱ्या, हे आज आपल्या बोर्डाला सांगता येईल का? मला शंका आहे.

म्हणून माझी आपणा सर्वांना विनंती आहे. आपल्या बोर्डाने बोसेसकडे आणि आपल्याच बिझनेस ऑफिसकडे मिळून एक पान मागावे. त्यावर प्रत्येक सेवेसाठी डिस्ट्रिक्टने मागील वर्षी भरलेली रक्कम असावी, परतावा वजा करून. त्याशेजारी ती सेवा बोसेसकडून घेतली नसती तर डिस्ट्रिक्टने प्रत्यक्ष काय केले असते ते शब्दांत लिहिलेले असावे, आणि त्याची किंमत जुन्या बिलावरून किंवा लेखी दरपत्रकावरून घेतलेली असावी, कॅटलॉगमधून नव्हे. त्यानंतर अनुदानापूर्वीचा फरक, मग प्रत्यक्ष जमा झालेले अनुदान, आणि बजेटची कोणती ओळ कमी झाली तिचा उल्लेख. तळाशी प्रशासकीय वर्गणी आणि इमारतींचा वाटा वजा करून आलेली बेरीज असावी. एखाद्या सेवेपुढे वजा आकडा आला, तरी तो तसाच छापावा. वजा आकडा असूनही ती सेवा घेण्याची सबळ कारणे असू शकतात, आणि ती कारणे बोर्डाने उघडपणे सांगावीत. एखादी सेवा डिस्ट्रिक्टला एकट्याने देणे शक्यच नसेल, तर तिथे खोटी किंमत कल्पून बचत दाखवण्यापेक्षा 'अन्यथा उपलब्ध नाही' असे सरळ लिहावे.

हे मागण्याची वेळ महत्त्वाची आहे. पुढच्या वर्षासाठी कोणत्या सेवा हव्यात, याची मागणी डिस्ट्रिक्ट फेब्रुवारीच्या सुरुवातीला नोंदवतात आणि अंतिम निवड मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत करतात. एप्रिलमध्ये बोसेसची वार्षिक सभा होते, आणि त्याच महिन्यात सदस्य डिस्ट्रिक्टांची बोर्डे बोसेसच्या प्रशासकीय बजेटवर मत देतात. ते मत बोर्डाचे असते, आपल्याला थेट देता येत नाही, त्यामुळे तिथे आपला आवाज पोचवायचा तर आपल्या बोर्डाच्या जानेवारीतल्या आणि मार्चमधल्या सभांना जावे लागते. मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी प्रश्न विचारून उपयोग नसतो, कारण तोवर करार झालेले असतात. कागदपत्रे मागण्यासाठी राज्याच्या माहितीस्वातंत्र्य कायद्याचा, म्हणजे फॉइलचा, अर्ज करता येतो. पण माझा अनुभव असा आहे की आधी बिझनेस ऑफिसमध्ये जाऊन आदराने विचारले, तर बहुतेक वेळा फाईल समोर येते. तिथली माणसे हिशेब लपवत नाहीत, त्यांना तो कुणी विचारत नाही एवढेच.

आपल्यापैकी जे बोर्डावर निवडून गेले आहेत, त्यांना माझी वेगळी विनंती आहे. हा प्रश्न संशयाने विचारू नका. बोसेसच्या केंद्रात दुपारी गाडीचे इंजिन उघडून बसलेली मुले मी पाहिली आहेत, त्यांच्या हातांना ग्रीस लागलेले असते आणि शिक्षकाला एकामागून एक प्रश्न चाललेले असतात. त्या मुलांची जागा टिकवायची असेल, तर तिच्या खर्चाचा हिशेब इतका पक्का हवा की राज्याच्या राजधानीत, अल्बनीत, कुणी तो हलवू शकणार नाही. हा हिशेब आपण त्यांच्या वतीने मागत आहोत, हे बोसेसच्या अधिकाऱ्यांना आपल्या बोलण्यातून कळावे.

वर सांगितलेल्या पानाचा नमुना मी तयार केला आहे आणि त्यात आमच्या समितीने तपासलेल्या तीन वर्षांच्या आकड्यांचा आराखडा, डिस्ट्रिक्टचे नाव वगळून, भरला आहे. संक्रांतीच्या कार्यक्रमाला मी तो छापून आणीन. ज्यांना आपल्या डिस्ट्रिक्टसाठी तो भरायचा असेल, त्यांनी मागील दोन वर्षांची बोसेसची अंतिम बिले आणि परताव्याचे पत्र सोबत आणावे. जेवणानंतर एका टेबलावर बसून आपण ते भरायला सुरुवात करू.

आपली नम्र,
एक करदाती आणि बजेट सल्लागार समितीची माजी सदस्य